ताडपत्रीखालचा रणगाडा

"काकू, बघा बघा, टँक चाललाय!"
"पाण्याचा? मग त्यात काय बघायचं? उन्हाळा लागला की रोजचंच आहे ते."
"अहो पाण्याचा नाही हो, मिलिटरीचा!"

कळंबोलीच्या सर्कलजवळ एस.टी.ची वाट बघणाऱ्या दोघी जणींमधला हा संवाद. त्यातल्या काकूंना हसू नका बरं का. काकू म्हणाल्या त्यात इतिहास आहे, पण तो नंतर सांगते.

आपलं पनवेल म्हणजे रस्त्यांचं गाव. मुंबईहून पुण्याकडे जायचं तर पनवेल, गोव्याकडे निघायचं तर पनवेल, आणि न्हावाशेवा बंदरात उतरलेला माल घाटावर न्यायचा तरीही पनवेलच. बंदर १९८९ साली सुरू झालं, द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला आणि आपल्या दारावरून काय काय जायला लागलं! पवनचक्कीची पाती, कारखान्यांचे अवाढव्य बॉयलर, पुलांच्या तुळया. पुढे लाल झेंडा लावलेली जीप, मागे मोजता मोजता थकायला होईल इतक्या चाकांचा ट्रेलर. या गर्दीत कधी तरी एखादा ट्रेलर वेगळा असतो. हिरवट ताडपत्री करकचून बांधलेली, तिच्याखालून लोखंडी पट्ट्यांची कड डोकावतेय, आणि मागच्या बाजूला एक लांबलचक नळी. रस्त्यावरची पोरं लगेच ओळखतात. आपण बायका मात्र "असेल काही तरी मशीन" म्हणून पिशवी सावरत पुढे जातो.

रणगाडा असा ट्रेलरवर चढवून का नेतात, हा प्रश्न माझ्या भाचीने मला विचारला होता. "त्याला स्वतःची चाकं आहेत ना, मग चालत का नाही जात?" प्रश्न अगदी रास्त. रणगाडा लोखंडी पट्ट्यांवर चालतो. ते पट्टे शेतात, वाळूत, चिखलात झकास काम करतात, पण डांबरी रस्त्यावर घातले तर रस्ता उखडतो आणि पट्टेही झिजतात. शिवाय वजन! आपल्या देशात बनलेला पहिला रणगाडा 'विजयंता' सुमारे ३९ टनांचा. म्हणजे सात-आठ हत्ती एकावर एक बसवल्यासारखं. म्हणून लांबचा प्रवास रेल्वेच्या उघड्या वाघिणीवरून नाही तर ट्रेलरवरून. प्रवासात तोफेची नळी बहुधा मागे वळवून पक्की अडकवतात, नाही तर वळणावर ती कुणाच्या तरी गॅलरीत शिरायची.

आणखी एक खूण सांगते. लष्कराच्या गाडीची नंबरप्लेट आपल्यासारखी एमएच ने सुरू होत नाही. आधी वर तोंड केलेला एक बाण, मग दोन आकडे. हे दोन आकडे म्हणजे गाडी लष्करात दाखल झाल्याचं वर्ष. मुलांबरोबर प्रवासात असाल तर त्यांना हा खेळ शिकवा, घाट कधी संपला ते कळणार नाही. फक्त एक पथ्य पाळायचं. चालू सेवेतल्या गाड्यांचा ताफा दिसला तर फोटो काढून व्हॉट्सअॅपवर फिरवत बसायचं नाही. जुन्या, संग्रहालयात मांडलेल्या गाड्यांसमोर हवे तितके फोटो काढता येतील की.

आता काकूंच्या पाण्याच्या टाकीकडे येऊ. इंग्रजीत रणगाड्याला 'टँक' म्हणतात, याचं कारण खरोखरच पाण्याची टाकी आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हे यंत्र गुपचूप बनवायला घेतलं. कारखान्यातल्या लोकांनी बाहेर काही बोलू नये, म्हणून वाळवंटात पाणी नेण्यासाठी टाक्या बनवतोय अशी हूल उठवली. नाव तेच चिकटलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत या 'टाक्या' पहिल्यांदा रणांगणावर उतरल्या तेव्हा समोरच्यांची पाचावर धारण बसली. गंमत म्हणजे त्या पहिल्या रणगाड्यांमध्येही नर आणि मादी असे दोन प्रकार होते! ज्याला तोफा तो 'नर', आणि जिला फक्त मशीनगन ती 'मादी'. लोखंडाच्या यंत्रातही साहेबाने डावं-उजवं केलंच. पुढे दुसऱ्या महायुद्धात मात्र एका दणकट ब्रिटिश रणगाड्याचं नाव होतं 'मटिल्डा', चक्क बाईचं. तिचं चिलखत इतकं जाड की सुरुवातीच्या काळात भल्याभल्या तोफांचे गोळे तिला काही करू शकत नसत.

ही मटिल्डा बघायला आपल्याला विलायतेला जायला नको. ती आपल्या नगरला आहे. नगर म्हणजे पूर्वीचं अहमदनगर. २०२४ मध्ये त्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण बोलताना तोंडात नगरच येतं. तिथे लष्कराचं रणगाडा दलाचं मोठं प्रशिक्षण केंद्र १९४८ पासून आहे. या केंद्राने १९९४ मध्ये एक रणगाडा संग्रहालय उभं केलं. त्याचं उद्घाटन तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते झालं. आशियातलं अशा तऱ्हेचं एकमेव संग्रहालय अशी त्याची ओळख सांगितली जाते. पन्नासच्या आसपास रणगाडे आणि चिलखती गाड्या तिथे ओळीने उभ्या आहेत. रोल्स रॉइसने बनवलेली चिलखती मोटार आहे (राजे-महाराजांच्या दारातली रोल्स रॉइस आपल्याला ठाऊक, तिची ही लढाऊ बहीण), ब्रिटिश चर्चिल आणि व्हॅलेंटाइन आहेत, जपान्यांचे बुटके रणगाडे आहेत, एक जर्मन चिलखती गाडी आहे, आणि पाकिस्तानकडून लढाईत जिंकून घेतलेला अमेरिकन बनावटीचा पॅटनही आहे. आपला विजयंता तर आहेच. तो चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यात १९६५ पासून तयार व्हायला लागला आणि पुढची चार दशकं सैन्यात होता.

पुतण्याने ही नावं घडाघडा म्हणून दाखवली तेव्हा मला कौतुक वाटलं, पण खरं सांगते, मनात काही हललं नाही. यंत्रांची नावं ती. मनात हललं ते दोन माणसांच्या गोष्टी वाचल्यावर. दोघं एकाच पलटणीतले. पलटणीचं नावही आपल्या ओळखीचं, 'पूना हॉर्स'. पेशवाईच्या शेवटच्या वर्षांत, १८१७ मध्ये, उभी राहिलेली ही घोडदळाची तुकडी. पुढे घोडे गेले, रणगाडे आले, नाव तेच राहिलं.

पहिले लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर. मुंबईत जन्मलेले, पुण्यात शिकलेले पारशी गृहस्थ. १९६५ च्या युद्धात सियालकोटच्या आघाडीवर फिलोराच्या लढाईत पूना हॉर्सचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं. ११ सप्टेंबरला ते जखमी झाले. मागे दवाखान्यात जा म्हटलं तर गेले नाहीत. पुढचे काही दिवस त्याच अवस्थेत रणगाड्यात उभं राहून लढत राहिले आणि १६ सप्टेंबरला त्यांच्या रणगाड्यावर गोळा पडून त्यांना मरण आलं. त्या लढायांत त्यांच्या पलटणीने शत्रूचे साठ रणगाडे निकामी केले आणि आपले नऊ गमावले, अशी नोंद आहे.

पण मला आठवत राहते ती त्यांची निरवानिरव. लढाईआधी त्यांनी आपल्या एका सहकाऱ्याला सांगून ठेवलं होतं. मी गेलो तर माझा अंत्यसंस्कार रणभूमीवरच करा. माझं प्रार्थनेचं पुस्तक आईला द्या. सोन्याची साखळी बायकोला, अंगठी मुलीला, आणि हातातलं कडं व फाउंटन पेन मुलाला. त्याप्रमाणे झालं. पारशी असूनही त्यांना रणांगणावर अग्नी दिला गेला. मैत्रिणींनो, पाच वस्तूंची ती यादी वाचताना मला क्षणभर एखाद्या घरातलं कपाट उघडल्यासारखं वाटलं. प्रचंड तोफांच्या मधोमध उभा असलेला माणूस कुणाला काय द्यायचं ते ठरवून ठेवतोय. आणि तिकडे घरी त्या चौघांना यातलं काही माहीत नाही.

दुसरे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल. जन्म पुण्याचा, १९५० चा. जून १९७१ मध्ये सैन्यात अधिकारी म्हणून रुजू झाले आणि डिसेंबरात युद्ध सुरू झालं. वय अवघं एकवीस. आपल्याकडे या वयाच्या मुलाला आपण "दूध घेऊन ये रे" म्हणून पाठवतो आणि तो सुट्टे पैसे विसरून येतो! बसंतर नदीच्या लढाईत १६ डिसेंबरला त्यांच्या रणगाड्याला आग लागली. वरिष्ठांनी वायरलेसवर बाहेर पडायचा हुकूम दिला. आपली तोफ अजून चालतेय, असं सांगून हा मुलगा आतच राहिला आणि शेवटपर्यंत लढला. त्यांच्या रणगाड्याचं नाव होतं 'फामागुस्ता'. गाडीत त्यांच्यासोबत आणखी तिघे होते, प्रयाग सिंग, नथू सिंग आणि नंद सिंग. त्यातले नंद सिंगही त्याच दिवशी गेले. रणगाडा म्हटलं की आपल्याला तोफ दिसते. आत चार माणसं अंग चोरून बसलेली असतात, हे डोळ्यांसमोर येत नाही. एक चालवतो, एक नेम धरतो, एक गोळे भरतो, एक हुकूम देतो. विजयंताच्या तोफेचा एकेक गोळा अठरा-वीस किलोचा, आणि तो लोखंडी भट्टीसारख्या तापलेल्या जागेत वाकून उचलायचा.

तो फामागुस्ता पुढे दुरुस्त करून नगरच्या त्याच केंद्रात जपून ठेवला आहे. जळालेली गाडी भंगारात टाकणं सोपं होतं. कुणीतरी ठरवलं की ही टाकायची नाही.

त्याला जोडून आणखी एक गोष्ट. २००१ मध्ये अरुणचे वडील, निवृत्त ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, पाकिस्तानात आपलं जन्मगाव सरगोधा बघायला गेले. तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले ते यजमानही निवृत्त ब्रिगेडियर, ख्वाजा मोहम्मद नासर. त्यांनी पाहुण्याची फार आपुलकीने सरबराई केली. परतायच्या आदल्या रात्री नासर यांनी सांगितलं, तुमच्या मुलाशी त्या दिवशी समोरासमोर लढणारा मीच होतो. माझ्या हातून तो गेला. त्या रात्री तो बाप कसा झोपला असेल? कोणत्याही संग्रहालयाच्या पाटीवर हे मावणार नाही.

तारापोर आणि खेत्रपाल, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हे पदक कुणी घडवलं माहीत आहे का? एका खानोलकर वहिनींनी! सावित्रीबाई खानोलकर. मूळच्या स्वित्झर्लंडमधल्या, माहेरचं नाव ईव्ह. आई रशियन, वडील हंगेरियन. सुट्टीत स्वित्झर्लंडला आलेल्या विक्रम खानोलकर या मराठी लष्करी विद्यार्थ्याशी ओळख झाली आणि १९३२ मध्ये लखनौला लग्न झालं. नवऱ्याच्या घरची भाषा म्हणून मराठी शिकल्या, संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली, महाराष्ट्रातल्या संतांवर पुस्तक लिहिलं. स्वातंत्र्यानंतर मेजर जनरल हिरालाल अटल यांनी नव्या शौर्यपदकाचं रेखाटन त्यांच्याकडे सोपवलं. त्यांनी घेतलं दधीची ऋषींच्या अस्थींपासून बनलेलं इंद्राचं वज्र, चार बाजूंना चार. दुसऱ्यांसाठी स्वतःचा देह देणारे दधीची त्यांना सुचले, यातच त्यांचं वाचन दिसतं. पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर जाहीर झालं, आणि योगायोग असा की ते सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर. आपण रेखाटलेलं पदक आपल्याच घराच्या दाराशी असं येईल असं त्यांच्या मनातही आलं नसेल.

आता पुन्हा ताडपत्रीकडे. रणगाड्याने ताडपत्री पांघरून जाण्याची आपल्याकडची सगळ्यांत भारी कथा १९४८ ची. काश्मीरमध्ये झोजीला खिंड शत्रूच्या ताब्यात होती. साडेअकरा हजार फुटांच्या उंचीवर रणगाडे नेता येतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. जनरल थिमय्यांनी ठरवलं, न्यायचे. सेव्हन्थ कॅव्हलरीच्या स्टुअर्ट रणगाड्यांचे वरचे घुमट उतरवून वेगळे केले, सगळं ताडपत्रीखाली झाकलं, श्रीनगरमधून जाताना शहरात संचारबंदी लावली आणि १ नोव्हेंबरला बर्फातून ते खिंडीत उगवले. शत्रूची फळी तिथेच मोडली. हा स्टुअर्ट दिसायला अगदी आटोपशीर. मोठ्या रणगाड्यांशेजारी उभा केला तर धाकट्या दिरासारखा वाटतो. पण करामत बघा.

सगळ्याच जुन्या युद्धसामग्रीच्या नशिबी संग्रहालय नसतं. आपल्या समोरचंच उदाहरण घ्या. विक्रांत ही विमानवाहू नौका १९७१ च्या युद्धात गाजली, १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि मग मुंबईत तिचं संग्रहालय झालं. शाळांच्या सहली जायच्या. पण तिचा सांभाळ करायचा म्हणजे पांढरा हत्ती पोसणं. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने संग्रहालय बंद झालं. ती वाचावी म्हणून लोक न्यायालयात गेले, पण उपयोग झाला नाही. २०१४ मध्ये साठ कोटींना तिचा लिलाव झाला आणि मुंबईच्या दारूखान्यात ती तोडली गेली. तिचं थोडं पोलाद बजाजने २०१६ मध्ये एका मोटरसायकलमध्ये वापरलं. काही जणांना ते आवडलं. मला विचाराल तर पोटात कालवलं. आई गेल्यावर तिच्या पाटल्या मोडून नवीन काही तरी केल्यासारखं. सोनं तेच असतं, पण पाटल्या नसतात.

दुसरीकडे काही रणगाडे वाचतात, पण वाचून काय! गावोगावच्या चौकांत, कॉलेजांच्या आवारात चौथऱ्यावर चढवून ठेवतात. उद्घाटनाला हार, भाषणं, फोटो. दोन वर्षांनी बघावं तर नळीत पारव्यांचं घरटं, अंगावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक, पावसाचं पाणी आत साचून गंज. कोणता रणगाडा, कुठे लढला, कुणी चालवला, याची पाटीच नसते, किंवा असते ती वाचता येत नाही. लोखंडाला दरवर्षी रंग लागतो, झाकणं नीट बंद करावी लागतात, आत पाणी जाणार नाही हे बघावं लागतं. घरातल्या लोखंडी तव्यालासुद्धा आपण तेल लावून ठेवतो. चौकात रणगाडा मागून आणणाऱ्यांनी आधी त्याच्या देखभालीचा खर्च कोण करणार ते लिहून द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रणगाडे जरा लांबचे वाटत असतील तर इतर गाड्या तरी आठवा. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, जिची जुळणी महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत सुरू केली. 'डिस्पोजलची जीप' हा शब्द आपल्या आई-आजीच्या पिढीत अगदी रुळलेला होता. लष्कराने काढून टाकलेली जीप लिलावात घ्यायची आणि घाटातल्या गावांना वडाप म्हणून चालवायची. कित्येक बायका बाळंतपणाला अशाच जीपमधून तालुक्याला आल्या असतील. मग जबलपूरच्या कारखान्यातला शक्तिमान ट्रक, तो १९९६ पर्यंत बनत होता. आणि जोंगा. हे कुणा प्राण्याचं नाव नाही हं. जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून 'जोंगा' झालं. फौजी नवरा पहिल्या सुट्टीला आला तो स्टेशनपर्यंत शक्तिमानमधूनच, असं सांगणाऱ्या आज्या सातारा-सांगलीकडे आजही भेटतील.

आपल्या रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यात फौजी अंबवडे नावाचं गाव आहे. घरटी एक तरी माणूस सैन्यात अशी त्याची ख्याती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. अशा गावांतल्या घरांमध्ये लोखंडी ट्रंका असतात. त्यात पत्रं, पेन्शनची कागदपत्रं, बिल्ले, गणवेशातला एखादा फोटो. दिवाळीच्या साफसफाईत यातलं बरंच रद्दीत जातं, आणि खरं सांगायचं तर ते टाकणारे हात आपलेच असतात. संग्रहालयात गाडी असते, तिचा नंबर असतो. ती चालवणाऱ्या साध्या जवानाचं नाव मात्र बहुतेक वेळा त्या ट्रंकेतल्या फोटोच्या पाठीवरच पेन्सिलीने लिहिलेलं असतं. निदान तो फोटो मुलांना सांगून मोबाइलमध्ये टिपून ठेवा, मागे लिहिलेल्या ओळीसकट. आजोबा असतील तर त्यांना विचारा, कोणती गाडी, कोणतं वर्ष, शेजारचा कोण. रणगाड्यावर होतो म्हणाले तर त्याचं नाव काय होतं तेही विचारा. फामागुस्तासारखं नाव बऱ्याच रणगाड्यांना असतं.

आपल्या मुलींचं काय, असा प्रश्न कुणी तरी विचारेलच. २०२२ पासून खडकवासल्याच्या एनडीएत मुलींना प्रवेश मिळू लागला आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. त्यातल्या कुणाला किंवा त्यांच्या मागून येणाऱ्या कुणाला रणगाड्याच्या घुमटातून डोकं बाहेर काढून उभं राहायला मिळतं का, ते बघायचं.

नगरला जायचा बेत करत असाल तर पनवेलहून बोरघाट चढून पुणे, तिथून शिरूर, सुपे करत नगर. पुण्यापासून नगर सव्वाशे किलोमीटरच्या आत. घाई करून एका दिवसात जाऊन येण्यापेक्षा मुक्काम करा आणि भुईकोट किल्लाही बघून घ्या. १९४२ मध्ये पंडित नेहरूंना इथेच कैदेत ठेवलं होतं. परिसर लष्कराचा आहे, तेव्हा मोठ्या माणसांनी ओळखपत्र बरोबर ठेवावं आणि वेळा व सुट्टीचा वार आधी विचारून घ्यावा. गाड्या उघड्यावर मांडलेल्या आहेत, म्हणून मे महिना टाळा. उन्हात लोखंड तव्यासारखं तापतं आणि मुलं चढायला बघतात. थंडीत सकाळी लवकर जा, टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या बरोबर घ्या. मटिल्डा ओळखायची असेल तर पट्ट्यांवरून खालपर्यंत उतरलेलं जाड पत्र्याचं झाकण बघा. नऊवारीचा ओचा सावरून बसल्यासारखी दिसते ती.